तोंडातली जखम भरत नाही? कारण शोधायचं कसं, कुणाकडे जायचं, तपासण्या कुठल्या

२०२५ च्या संक्रांतीला तिळगुळाची वडी मी उजव्या दाढेखालीच ठेवून चावली, कारण जिभेच्या डाव्या कडेला काहीतरी झोंबत होतं. महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी खाताना तेच झोंबत होतं, त्याच जागी. मधल्या काळात बी-कॉम्प्लेक्सच्या दोन पट्ट्या, जेलची एक ट्यूब आणि गुलकंदाची अर्धी बरणी संपली होती. शिवरात्रीनंतर दोन दिवसांनी शेवटी दातांच्या डॉक्टरांसमोर तोंड उघडलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, "असतील पंधरा-वीस." घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले, तर ४५ भरले.

मी शाळेत शिकवते. दिवसाला पाच तास बोलणारी बाई, आणि दीड महिना जिभेवर जखम घेऊन हिंडले, कारण "तोंड आलंय, उष्णता झाली असेल" याच्या पुढे डोकं चाललं नाही. मी डॉक्टर नाही. पण या निमित्ताने चार दवाखाने, दोन प्रयोगशाळा आणि एक छोटी शस्त्रक्रिया पाहिली. त्यात जे उशिरा कळलं, ते तुम्हाला आधी कळावं म्हणून क्रमाने लिहिते आहे.

१. आधी तारीख लिहा

दुधाचा खाडा जिथे लिहिता, तिथेच लिहा: "आज जिभेला फोड." एवढंच. कारण तोंडातल्या जखमेबाबत सगळ्यात मोठी माहिती तिचं वय आहे. नेहमीचं तोंड येणं, म्हणजे लालसर कडेचा, मधे पिवळट-पांढरा, मसुराएवढा खड्डा, हा साधारण ७ ते १४ दिवसांत काही न करताही भरतो. औषधाने बरं वाटलं असं आपण म्हणतो, पण बरेचदा ते दिवसांचं काम असतं. म्हणूनच घरोघरी वेगवेगळे "हमखास" उपाय असतात आणि सगळ्यांना गुण येतो!

तीन आठवडे उलटून जखम तिथेच असेल, तर ती कशानेही झालेली असो, तज्ज्ञाने बघितलीच पाहिजे. दुखत नसेल तर जास्तच.

एक बारकावा. फोड येतात, जातात, पुन्हा दुसऱ्या जागी येतात, हे एक. एकच जखम एकाच जागी ठाण मांडून बसते, हे वेगळं. दोन्हींना आपण "सारखं तोंड येतं" असंच म्हणतो. डॉक्टरांना मात्र फरक करून सांगा.

२. आरसा, टॉर्च आणि चमचा घेऊन नीट बघा

लागणाऱ्या वस्तू: मोबाइलचा टॉर्च, आरसा, स्टीलचा चमचा, स्वच्छ रुमाल आणि घरातलं एखादं न घाबरणारं माणूस. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा बघून "बापरे" म्हटलं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

जीभ रुमालात धरून बाहेर ओढा आणि दोन्ही कडा बघा. जीभ टाळूला लावून खालची बाजू बघा. चमच्याने गाल बाहेर ओढून खालच्या दाढा आणि गाल यांच्यामधली खाच बघा, ही जागा नेहमी राहून जाते. कवळी असेल तर ती काढूनच बघा. मग टाळू, आणि "आऽ" करून टॉन्सिल.

कागदावर उतरवायच्या गोष्टी अशा:

- जागा नेमकी कुठली, डावी की उजवी.
- एक आहे की अनेक. सेंटिमीटरच्या आत की मोठी.
- सुरुवात पाण्याच्या फोडाने झाली की थेट खड्ड्याने.
- स्वच्छ बोटाने दाबल्यावर आजूबाजूच्या भागासारखीच मऊ लागते, की तळाशी कडक, गुठळी असल्यासारखी.
- हात लावल्यावर रक्त येतं का.
- जबड्याखाली, मानेत गाठ लागते का.
- अंगावर, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर त्याच सुमारास काही झालंय का. हे सांगायला संकोच वाटतो, पण काही आजारांत निदान त्यावरच ठरतं.

फोटो काढा, दर चार दिवसांनी, त्याच उजेडात.

आणि भलत्याच गोष्टीला घाबरू नका. जिभेच्या अगदी मुळाशी इंग्रजी व्हीच्या आकारात आठ-दहा मोठे उंचवटे सगळ्यांनाच असतात. मागच्या कडेला लालसर सुरकुत्या असतात, त्याही जन्मापासूनच्याच. आयुष्यात पहिल्यांदा एवढी जीभ बाहेर काढल्यावर त्या दिसतात आणि रात्रीची झोप उडते. माझी उडाली होती.

३. कारणांची ढोबळ वाटणी करा

निदान डॉक्टरांनीच करायचं. पण कुठल्या दिशेने विचार चालतो हे माहीत असलं की प्रश्नांना नेमकी उत्तरं देता येतात.

*लागून झालेली जखम.* तुटलेल्या दाढेची धार, कवळीचा काठ, दातांच्या तारा, झोपेत चावलेला गाल, घाईत प्यालेला चहा. ओळखायची खूण म्हणजे जखमेच्या बरोबर समोर काहीतरी टोचणारं असतं. माझ्या बाबतीत खालच्या डाव्या दाढेचा कोपरा उडालेला होता. तो कधी उडाला ते मला आठवतही नाही, बहुतेक भाजक्या शेंगदाण्याने.

*नेहमीचं तोंड येणं.* हे सैल, हलणाऱ्या कातडीवर येतं: ओठाची आतली बाजू, गाल, जिभेची कड, जिभेखाली. एकमेकांना लागत नाही. जागरण, ताण, काही जणींना पाळीच्या आधीचे दिवस, घराण्यातली सवय अशी निमित्तं असतात. काहींना टूथपेस्टमधलं फेस आणणारं रसायन, सोडियम लॉरिल सल्फेट, सोसत नाही. ते नसलेली पेस्ट महिनाभर वापरून बघायला हरकत नाही. सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींना तोंड येतं. ते तात्पुरतं असतं, म्हणून पुन्हा ओढायला लागू नका.

*विषाणूचे फोड.* नागिणीच्या घराण्यातला हर्पिस हा विषाणू घट्ट चिकटलेल्या भागावर, म्हणजे हिरड्या आणि टाळूच्या कडक पुढच्या भागावर, बारीक पाण्याच्या फोडांचा घोस आणतो. आधी ताप, अंग मोडून येणं. हा संसर्गजन्य आहे, बाळाची पापी घेऊ नका. शाळेत लहान मुलांमध्ये हात-पाय-तोंडाची साथ येते तेव्हा तळहात-तळपायांवर पुरळ आणि तोंडात फोड असतात. ती आठवडा-दहा दिवसांत निवळते. मुलाने पाणी पिणं सोडलं आणि लघवी कमी झाली, तर मात्र थांबायचं नाही.

*रक्तातली कमतरता.* लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड. जीभ गुळगुळीत, लालसर, तिखट लागताच भडका. शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं फार सर्रास आहे.

*बुरशी.* पांढरे दह्यासारखे थर, पुसले की निघतात आणि खाली लाल दिसतं. मधुमेह, कवळी रात्री न काढणं, दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ न भरणं ही नेहमीची कारणं.

*शरीराची प्रतिकारशक्ती उलटणं.* लायकेन प्लॅनसमध्ये गालात पांढरी जाळी दिसते. पेम्फिगसमध्ये अंगावर फोड येण्याच्या कितीतरी आधी फक्त तोंडातच कातडी सोलल्यासारख्या जखमा होतात, आणि माणूस कित्येक महिने "तोंड येण्याचं" औषध घेत राहतो. आतड्याचे आजार, बेहसेट हा आजार, क्षय, गरमी (सिफिलिस), एचआयव्ही यांतही तोंडात जखमा होतात.

*तंबाखू, सुपारी, चुना.* इथे जरा थांबून सांगते. माझ्या आत्याला घेऊन गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तंबाखू खाता?" आत्या म्हणाली, "छे छे, आमच्यात बायका नाही खात." डॉक्टरांनी लिहिलंही "नाही". मी म्हटलं, "आत्या, मशेरी?" तर म्हणे, "ती होय, ती तर चाळीस वर्षं लावते की!" मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच. तिच्या लेखी ती दात घासायची वस्तू होती. तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांना विचारताना "तंबाखू" हा शब्द वापरू नका. मशेरी, तपकीर, पानातली "थोडीशी", जेवणानंतरची सुपारी असं एकेक नाव घेऊन विचारा. सुपारी एकटीसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरवलेलं आहे. सुपारी-गुटख्याने तोंडातली कातडी आतून ताठर होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील, तर जखम असो-नसो, दाखवून घ्या.

*कर्करोग.* आपल्याकडे जिभेची कड आणि तंबाखूची गोळी धरायची गालाची खाच या त्याच्या ठरलेल्या जागा. सुरुवातीला तो बहुतेकदा दुखत नाही, हीच त्याची चलाखी. कडा उचललेल्या, तळ कडक, सहज रक्त, न भरणं. कधी फक्त लाल किंवा पांढरा चट्टा. तंबाखू कधीच न लावलेल्या माणसालाही होतो, हे विसरू नका.

४. औषधांचा डबा उलटा करा

घरातल्या रुग्णाच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओता. तीन गोष्टी मुद्दाम शोधा.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवात आणि सोरायसिसची गोळी, बहुधा *आठवड्यातून एकदा* घ्यायची असते. चुकून रोज घेतली जाते आणि तोंड सोलून निघतं. तसं झालं असेल तर उद्या नाही, आत्ता रुग्णालयात जा. जीवावर बेतू शकतं.

थायरॉइड वाढल्यावर देतात ती कार्बिमाझोल. ती चालू असताना ताप, घसा दुखणं आणि तोंडात जखमा आल्या, तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या असतात.

छातीत दुखण्यासाठीची निकोरँडिल. हिने मोठ्या, हट्टी जखमा होतात. पण हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.

घशाशी, छातीच्या मधोमध गिळताना अचानक दुखायला लागलं असेल, तर आदल्या रात्री एखादी कॅप्सूल घोटभर पाण्यावर घेऊन लगेच आडवं झालात का, ते आठवा. डॉक्सिसायक्लिनसारखी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. पेलाभर पाणी आणि अर्धा तास बसून राहणं एवढ्याने हे टळतं.

५. काय लावायचं नाही

दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवायची नाही, कातडी पांढरी होऊन जळते. लवंगेचं तेल थेट जखमेवर नाही. तुरटीचा खडा घासायचा नाही. स्टेरॉइडचं मलम नेहमीच्या फोडांना चालतं म्हणून हर्पिसला किंवा बुरशीला लावलंत, तर ते वाढतं. औषधाच्या दुकानातला मुलगा तोंड न बघताच ट्यूब देतो, हे लक्षात ठेवा.

चालतं ते साधं आहे: कोमट पाण्यात मीठ घालून चुळा, तिखट-आंबट-गरम बंद, ताकभात, लोणी, मऊ ब्रश. क्लोरहेक्सिडिनची चूळ डॉक्टरांनी दिली, तर ती आणि पेस्ट यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. जास्त दिवस वापरली तर दात तपकिरी होतात. आजीच्या ज्येष्ठमधाला आणि तुपाला माझा विरोध नाही. फक्त त्यांनाही तीन आठवड्यांचीच मुदत द्या.

६. तीन आठवडे थांबायचंच नाही, अशा वेळा

गिळता येत नाही किंवा लाळ बाहेर गळते. श्वास घेताना आवाज येतो. तोंडाबरोबर डोळे लाल आणि अंगावर सोलणारे चट्टे, विशेषतः नवीन औषध सुरू केल्यावर. घशात करडा, चिकट पापुद्रा आणि मान सुजलेली, तेही लस अर्धवट राहिलेल्या मुलाला. केमो चालू असताना ताप. या सगळ्यांत थेट रुग्णालय.

७. कुणाकडे जायचं, आणि पिशवीत काय न्यायचं

इथेच माझे सगळ्यात जास्त दिवस वाया गेले. तोंडातली जखम ही कुणाची? आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लांबूनच बघून गोळ्या दिल्या. मग एका दवाखान्यात "लेझरने जाळून टाकू, पाच मिनिटांचं काम" असं सांगितलं, आणि मी जवळजवळ हो म्हणणार होते. त्यात खोच अशी, की जाळलेली जखम तपासता येत नाही. ती कशाची होती, हे मग कुणालाच कधी कळत नाही. जखमेचा तुकडा तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, ती जाळायला किंवा कापून टाकायला तयार होऊ नका.

माझ्या अनुभवातून क्रम असा:

ओठ, गाल, हिरडी, जीभ यांवर जखम असेल, तर आधी दातांचे डॉक्टर. धार घासणं, कवळी नीट करणं त्यांच्याच हातात असतं. त्यांतही ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाचे आजार, या विषयाचे तज्ज्ञ मिळाले तर उत्तम. सरकारी दंत महाविद्यालयात नवीन रुग्णाला बहुधा याच विभागात आधी बसवतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. खर्च खासगीच्या मानाने नगण्य, आणि डॉक्टरांनी एका दिवसात जेवढी तोंडं बघितलेली असतात तेवढी आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वर्षात येत नाहीत.

जखम टॉन्सिल, पडजीभ, जिभेचं मूळ किंवा त्याखाली असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. घसा टॉर्चने पुरता दिसत नाही. ते नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्रापर्यंत बघतात. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, दोन-तीन मिनिटं विचित्र वाटतं, दुखत नाही. आवाज तीन आठवडे बसलेला, एकाच बाजूला गिळताना दुखून कळ कानात जाणं, एकच टॉन्सिल मोठं होणं, मानेत न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही असलं तर दुर्बिणीशिवाय घरी येऊ नका. "घशाला सूज आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

अंगावरही फोड असतील तर त्वचारोगतज्ज्ञ.

पिशवीत न्यायच्या गोष्टी: आधार, जुने केसपेपर, चालू औषधांच्या पट्ट्या (चिठ्ठी नव्हे, पट्ट्याच), तारखेसह फोटो, मागचे रक्ताचे रिपोर्ट, कवळी असेल तर ती. शिधापत्रिकाही ठेवा. निदान होऊन पुढे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागले, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जा.

८. रक्ताच्या तपासण्या

साधारण यादी अशी: संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (अंगात साठलेलं लोह), बी-१२, फॉलिक ॲसिड, साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). गरजेनुसार एचआयव्ही आणि गरमीची चाचणी. ती लिहून दिली म्हणजे कुणी संशय घेतला असं नाही. न भरणाऱ्या जखमेत त्या विचारतातच.

सापळा इथे आहे. रक्त देण्याआधी बी-१२ ची गोळी किंवा बी-कॉम्प्लेक्स सुरू करू नका. मी दोन पट्ट्या खाऊन गेले होते. बी-१२ छान आलं आणि डॉक्टर म्हणाले, "हे तुमचं नाही, गोळ्यांचं आहे." तसंच सीलिॲकचा, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराचा संशय असेल, तर रक्त देईपर्यंत पोळी बंद करायची नाही. बंद केली की चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते.

माझं हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ६ निघालं. म्हणजे जखम झाली दाढेने, आणि भरायला अंगात सामान नव्हतं. लोह कमी निघालं की लोहाच्या गोळ्यांवर थांबायचं नसतं, ते कुठे जातंय हेही शोधायचं असतं: पाळीत जास्त जाणं, मूळव्याध, आतड्यातला रक्तस्राव.

९. तुकडा तपासणी

डॉक्टरांनी दाढेची धार घासून गुळगुळीत केली आणि म्हणाले, "दोन आठवड्यांनी या. कारण काढल्यावर तेवढ्यात भरायला हवी. नाही भरली तर तुकडा घेऊ." ही वाट बघण्याची पद्धत बरोबर आहे, पण पुढची तारीख पक्की हवी. "बघू, वाटलं तर या" हे चालणार नाही. माझी निम्मी भरली आणि थांबली. तुकडा घ्यायचा ठरला.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "सुरी लावली की पसरतं." हे मी गावातही ऐकलं, शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं. तुकडा घेतल्याने कर्करोग पसरत नाही. पसरतो तो न बघता घालवलेल्या महिन्यांत.

प्रत्यक्षात असं होतं. पोटभर खाऊन जायचं. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, गर्भारपण, कुठल्या औषधाची ॲलर्जी हे आधी सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. जिभेत भुलीचं इंजेक्शन, तेवढंच काय ते दुखतं. मग जखमेच्या *कडेचा* तुकडा घेतात, थोडी जखम आणि थोडी लागूनची चांगली कातडी, कारण मधल्या भागात नुसता मेलेला थर असतो. माझा तुकडा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. दोन टाके. पाच दिवस ते जिभेला माशाच्या काट्यासारखे लागत होते, आणि "श" म्हणताना वर्ग हसायचा.

खुर्चीतून उठण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी बघून घ्या:

- तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत बुडालाय ना. साध्या पाण्यात नेला तर खराब होतो.
- बाटलीवर (झाकणावर नव्हे) तुमचं नाव, तारीख आणि "जीभ, डावी कड" अशी जागा लिहिली आहे ना.
- फॉर्मवर किती दिवसांची जखम आणि तंबाखूची खरी माहिती भरली आहे ना. माझ्या फॉर्मवर नुसतं "जीभ" होतं, बाजू नव्हती. मी सांगून लिहून घेतली.

पेम्फिगस, लायकेन प्लॅनस अशा आजारांचा संशय असेल, तर दुसरा तुकडा वेगळ्या द्रवात लागतो, कारण इम्युनोफ्लुरोसन्स ही तपासणी फॉर्मलिनमधल्या तुकड्यावर नीट होत नाही. त्यामुळे "दोन बाटल्या लागणार का?" हे *आधी* विचारा. नाहीतर तीच खुर्ची, तेच इंजेक्शन पुन्हा.

मानेत गाठ असेल तर तिच्यात बारीक सुई घालून पेशी काढतात, टाके लागत नाहीत.

१०. रिपोर्ट हातात आल्यावर

साधारण आठवडा लागतो. रिपोर्ट प्रयोगशाळेच्या काउंटरवर उभं राहून मोबाइलवर शोधत वाचू नका. ज्यांनी तुकडा घेतला त्यांच्यासमोर उघडा.

"डिसप्लेशिया" हा शब्द असेल तर तो कर्करोग नव्हे, पण पेशींनी रांग मोडायला सुरुवात केली आहे. सौम्य, मध्यम की तीव्र ते विचारा आणि पुढच्या तपासणीची तारीख घ्या. तंबाखू-सुपारी त्याच दिवशी बंद. सोडायला मदत हवी तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. आत्याला मीच लावून दिला होता फोन. तिच्या गालाच्या खाचेतला पांढरा चट्टा सौम्य डिसप्लेशियाचा निघाला. मशेरीचा डबा आता माझ्याकडे आहे. "तुझ्याकडेच राहू दे, पण टाकू नको," असं तिचं म्हणणं.

माझ्या रिपोर्टमध्ये जुनी जखम, सूज, कर्करोगाच्या पेशी नाहीत असं होतं. गंमत म्हणजे अशा घासून झालेल्या हट्टी जखमा तुकडा काढल्यावर बरेचदा आपोआप भरायला लागतात. माझीही तशीच भरली. पाडव्याला कडुलिंबाची चटणी डाव्या बाजूने खाल्ली.

पण "कर्करोग नाही" याचा अर्थ *त्या तुकड्यात* नाही. रिपोर्ट चांगला आणि जखम मात्र तशीच, किंवा वाढते आहे, असं असेल तर पुन्हा तुकडा मागा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, तेच आधी सुचवतात.

रिपोर्ट वाईट आला, तर पुढच्या रुग्णालयात नुसता कागद चालत नाही. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी मूळ काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे पुन्हा तपासायला मागतात. ते प्रयोगशाळेत ठेवलेले असतात, अर्ज करून, सही करून मिळतात. ठोकळा वितळू नये म्हणून उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नका, आणि काचपट्ट्या कापसात गुंडाळून कडक डब्यात न्या. मी आत्याच्या नेल्या त्या टिफिनच्या डब्यातून.